आकाशातील दिवे व आपली साक्ष

कोणी आपणांस एखादी गोष्ट विचारावी, ती आपणांस ठाऊक नसावी, आणि तरीही विचारणाऱ्याचा आपल्यावर भरवसा आहे एवढ्याचसाठी आपण काहीतरी उत्तर द्यावे, हे कितपत योग्य आहे? असे उत्तर लबाडीत गणावे काय? की मनात कपट नव्हते एवढ्यावरून ते क्षम्य ठरावे? हा प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु आमच्यापुढे तो पुस्तकातून आला नाही. तो एका रात्री, एका वस्तीच्या अंगणात, आकाशाकडे पाहत असता आला. ती हकीकत आम्हांस लाजविणारी आहे. तथापि ती सांगितल्यावाचून पुढील विचार वाचकांच्या मनास पटणार नाही, म्हणून प्रथम तीच सांगतो.

सन २०२५ च्या मे महिन्यातील गोष्ट. पश्चिमेच्या सीमेवर लढाई जुंपली होती, व खेड्यापाड्यांतून जो तो मोबाईलवर वार्ता ऐकत होता. आम्ही एका उपदेशक बंधूंसह एका दूरच्या वस्तीवर प्रार्थनेस गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर दहाबारा माणसे अंगणात बसली होती. वीज गेली होती, त्यामुळे चांदण्या फार स्पष्ट दिसत होत्या. इतक्यात एका मुलाने ओरडून वर बोट दाखविले. वायव्येकडून तेजाचे ठिपके, एकामागून एक, दोऱ्यात मणी ओवावे तसे, सरळ रेषेत वर येत होते. वीस-पंचवीस तरी असतील. आवाज मुळीच नव्हता. आकाशाचा मध्य ओलांडून ते आग्नेयेकडे गेले, व तेथे एका ठराविक जागी पोहोचताच एकेक करून विझल्यासारखे दिसेनासे झाले.

सर्वांनी आमच्या तोंडाकडे पाहिले. एका वृद्ध बाईंनी विचारले, “पाळकसाहेब, काय हो त्ये?” आम्हांस ठाऊक नव्हते. परंतु आम्ही सेमिनरीत शिकलेले. मंडळीपुढे निरुत्तर होणे आम्हांस कमीपणाचे वाटले. आम्ही म्हणालो, “लढाऊ विमानांची तुकडी असावी. सीमेकडे चालली असेल.” सीमा वायव्येस, आणि दिवे तर आग्नेयेस चालले होते, एवढाही विचार आम्ही केला नाही. त्या बाईंचा धाकटा मुलगा सैन्यात असून त्या वेळी सीमेवर होता, हे आम्हांस चांगले माहीत होते. परंतु बोलण्याच्या भरात तेही आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावात बातमी झाली की, रात्री विमाने लढाईवर गेली, खुद्द पाळकांनी सांगितले. बाईंनी दोन दिवस अन्न घेतले नाही. मुलाचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, तो सुखरूप होता. पुढे त्याच आठवड्यात एका हायस्कुलातील विज्ञानाच्या शिक्षकांकडून आम्हांस कळले की, ते दिवे विमानांचे नव्हते. ते कृत्रिम उपग्रह होते. आम्ही त्या बाईंकडे गेलो व म्हणालो, “आजी, त्या रात्री आम्हांस काही ठाऊक नव्हते. उगाच बोललो. आम्हांस क्षमा करा.” त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “तवाच ठावं न्हाई म्हनाला असता, तर मी निजले असते.”

प्रिय वाचकहो, हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले आहे. आम्ही “असावी” म्हणालो होतो, “असेल” म्हणालो होतो. व्याकरण आमच्या बाजूस होते. परंतु वडीलधाऱ्या किंवा शिकलेल्या माणसाच्या तोंडचा “असावी” हा शब्द पहिल्याच उंबऱ्यापाशी गळून पडतो व पुढे “आहे” एवढेच जाते. म्हणून आम्ही त्या दिव्यांविषयी शिकू लागलो, आणि शिकता शिकता त्याच प्रश्नाचा विचार करू लागलो. दोन्ही येथे एकत्रच मांडतो.

प्रथम दिव्यांविषयी. खेड्यातील रात्र हे मोठे धन आहे. शहरातील दिव्यांच्या उजेडात जे तारे बुडून जातात ते आपल्या शिवारात उघड दिसतात. मृगातील तीन ताऱ्यांचा बाण, व्याध, कृत्तिकांचा पुंजका, सप्तर्षीची खाट, ही आपल्या वाडवडिलांच्या ओळखीची होती. रात्र किती झाली हे त्यांवरून सांगणारी माणसे आमच्या लहानपणी गावोगाव होती. त्या जुन्या ताऱ्यांमध्ये आता नवे चालते दिवे आले आहेत. दिनांक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. आपल्या देशाचा पहिला उपग्रह आर्यभट हा १९ एप्रिल १९७५ रोजी रशियातूनच सोडण्यात आला. आज असे उपग्रह हजारोंनी पृथ्वीभोवती फिरत आहेत.

उपग्रहास स्वतःचा दिवा नसतो. तो सूर्याच्या प्रकाशानेच उजळतो. दरीत कातरवेळ होऊन घरात दिवा लावावा लागतो, तेव्हाही डोंगराच्या शेंड्यावर ऊन असते, हे आपण नित्य पाहतो. तसेच हे आहे. आपल्याकडे सूर्य मावळला तरी कित्येक कोस उंचावर असलेल्या उपग्रहावर ऊन असते, म्हणून तो काळ्या आकाशात ताऱ्यासारखा दिसतो. पुढे जाता जाता तो पृथ्वीच्या सावलीत शिरला म्हणजे भर आकाशातच विझल्यासारखा होतो. आमच्या अंगणातून ते दिवे ठराविक जागी एकेक करून नाहीसे झाले त्याचे कारण हेच. याच कारणाने बहुतेक उपग्रह दिवेलागणीनंतरच्या एक-दोन तासांत किंवा पहाटे उजाडण्यापूर्वी दिसतात. मध्यरात्री त्यांतील पुष्कळसे सावलीत असतात.

आम्ही पाहिलेली रांग स्टारलिंक नावाच्या उपग्रहांसारखी होती. दूरच्या ठिकाणीही इंटरनेट पोहोचावे म्हणून एक अमेरिकन कंपनी ते सोडते. त्यांचा पहिला साठांचा ताफा सन २०१९ च्या मे महिन्यात गेला. सोडल्यावर काही दिवस ते खालून व एकमेकांच्या जवळून जातात, म्हणून माळेसारखे दिसतात. पुढे उंच चढून पांगतात व मंद होतात. ती माळ प्रथम दिसली तेव्हा युरोपातील लोकांसही अचंबा वाटला. तेव्हा आमच्या वस्तीवरील माणसे दचकली यात अडाणीपणा काही नव्हता. अडाणीपणा झाला तो उत्तर देणाऱ्याचा.

आता या निरनिराळ्या दिव्यांतील भेद कसा ओळखावा? विमानाचा दिवा लुकलुकतो, त्यात तांबडा व हिरवा रंग दिसतो, व बहुधा थोड्या वेळाने आवाज येतो. उपग्रह लुकलुकत नाही. तो ताऱ्यांमधून शांतपणे सरकतो, व आकाश ओलांडण्यास त्यास काही मिनिटे लागतात. क्वचित एखादा निकामी उपग्रह गरगर फिरत असल्यामुळे उजळतो व मंदावतो. उल्का क्षणात येते व क्षणात जाते; ‘ती पाहा’ म्हणेपर्यंत संपते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेस मिथुन राशीकडून येणाऱ्या उल्का आपल्याकडे चांगल्या दिसतात, कारण तेव्हा आभाळ निरभ्र असते. शुक्र फार तेजस्वी असतो, परंतु तो आपल्या डोळ्यांदेखत धावत नाही. आणि जो दिवा उल्केसारखा जळत, तुकडे होत, परंतु सावकाश, अर्धे मिनिट किंवा अधिक वेळ आकाश ओलांडतो, तो बहुधा जुना उपग्रह किंवा अग्निबाणाचा भाग खाली येत असतो.

असा प्रसंग आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. दिनांक २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री पावणेआठच्या सुमारास, विदर्भात व उत्तर महाराष्ट्रात, तसेच मध्य प्रदेश व गुजरातेतही, हजारो लोकांनी जळते पट्टे आकाशातून जाताना पाहिले. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले, कोणास क्षेपणास्त्राची शंका आली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले, व पुढे आसपासच्या शिवारात टाकीसारखे धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो वरचा टप्पा असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. हे त्यांनी कशावरून ताडले? कोणती वस्तू कोणत्या मार्गाने फिरत आहे याचा हिशेब त्यांच्यापाशी होता खरा. परंतु वेळ व दिशा सांगणारे, चित्रे काढून ठेवणारे व पडलेली वस्तू दाखविणारे लोक गावोगावचे होते. ज्यांनी ‘इतक्या वाजता, या दिशेकडून त्या दिशेकडे’ असे सांगितले त्यांची साक्ष कामास आली. ज्यांनी ‘विमान पेटले’ एवढेच सांगितले त्यांनी पाहिलेले सारे त्या एका शब्दाखाली झाकले गेले.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. डोळा पाहतो व मन जोडते. हे जोडणे इतके त्वरित होते की, जोड कोठे आहे हे आपले आपणांसच कळत नाही. स्पुटनिक सोडला गेला तेव्हा जगभर लोक अंगणात उभे राहून आकाश न्याहाळीत होते, व ‘आम्ही स्पुटनिक पाहिला’ असे पुष्कळांनी आनंदाने सांगितले. परंतु स्पुटनिक हा अवघा ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होता व नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसण्याजोगा होता. बहुतेकांनी जो तेजस्वी ठिपका पाहिला तो त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा मोठा सांगाडा होता. हे लोक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. चालता तारा त्यांनी खरोखर पाहिला. नाव मात्र ऐकीव होते.

याहून बोधप्रद गोष्ट सन १९६८ ची आहे. मार्च महिन्याच्या ३ तारखेस अमेरिकेतील अनेक प्रांतांतून लोकांनी जळते ठिपके रांगेने जाताना पाहिले. आदल्याच दिवशी रशियाने सोडलेल्या झोंद-४ या यानाच्या अग्निबाणाचे ते अवशेष होते, असे पुढे ठरले. पुष्कळांनी जे दिसले तेच सांगितले. परंतु काहींनी असे सांगितले की, ते एक लांबट वाहन होते, त्यास रांगेने खिडक्या होत्या व खिडक्यांतून उजेड येत होता. ठिपके खरे, ठिपक्यांमधील अंधार हेच वाहनाचे अंग, ही भर मनाची. आमच्या अंगणातही ठिपके खरे होते. विमाने आमच्या मनाची होती.

इतकेच नव्हे, तर स्थिर तारासुद्धा आपणांस फसवितो. सन १७९९ मध्ये हुम्बोल्ट नावाचा थोर जर्मन शास्त्रज्ञ टेनेरिफ बेटावरील उंच पर्वतावर असता त्यास तारे इकडेतिकडे डुलताना दिसले, व ते खरोखरच डुलतात असे त्यास वाटले. पुढे अर्धशतकाने कळले की, अंधारात एकट्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले असता तो हलल्याचा भास होतो. एकाच वेळी एकच तारा पाहणाऱ्या दोघांस तो दोन निरनिराळ्या दिशांस हललेला दिसतो. हुम्बोल्टासारख्यास असे झाले, तर आपली काय कथा! म्हणून ताऱ्याची चाल तपासावयाची असेल तर तो झाडाची फांदी किंवा घराचा वळचणीचा वासा यांच्या आडोशाने पाहावा. फांदीपाशी दिसणारे अंतर झपाट्याने बदलले तर तो खराच चालत आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘तर मग आम्हां खेड्यातील माणसांनी आपल्या डोळ्यांवर विश्वासच ठेवू नये, शिकलेले सांगतील ते खरे मानावे.’ असे आमचे म्हणणे नाही. उलट इतिहास दुसरीच साक्ष देतो. अठराव्या शतकात आकाशातून दगड पडतात असे शेतकरी सांगत, तेव्हा युरोपातील कित्येक विद्वान हसत. आकाशात दगड नाहीत, तर पडतील कोठून, असे त्यांचे म्हणणे होते. दिनांक २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल या गावाभोवती मोठा गडगडाट होऊन हजारो दगड पडले. सरकारने बियो नावाच्या एका तरुण शास्त्रज्ञास चौकशीस पाठविले. तो गावोगाव फिरला. निरनिराळ्या धंद्यांच्या व निरनिराळ्या दर्जाच्या लोकांस त्याने विचारले, त्यांच्या जबान्या पडताळून पाहिल्या, व तसले दगड त्या भागात पूर्वी कोणी पाहिले नव्हते हेही तपासले. शेवटी त्याने अहवाल दिला की, दगड आकाशातूनच पडले. शेतकरी खरे ठरले व विद्वानांनी आपले मत बदलले.

तेव्हा दोष खेडवळ डोळ्यात नाही व शहरी विद्येतही नाही. विद्वान चुकले, कारण ‘आम्हांस ठाऊक नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘असे होणेच शक्य नाही’ असे ते म्हणाले. आम्ही चुकलो, कारण ‘ठाऊक नाही’ याऐवजी ‘विमाने’ असे आम्ही म्हणालो. दोन्ही ठिकाणी पाप एकच: आपल्या अज्ञानाची जागा रिकामी ठेवण्याची लाज.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. असे उत्तर लबाडी होय काय? आमच्या विचारास असे येते की, ज्यास आपण खोटे म्हणून जाणतो ते सांगणे ही एक लबाडी. आणि जे आपण जाणत नाही ते जाणत असल्याच्या सुरात सांगणे ही तिची धाकटी बहीण. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लेकरांस पाठ करवितो. पण साक्ष शेजाऱ्यापुढेही द्यावी लागते. तेथे आपण कोणाविरुद्ध बोलत नसलो, तरी ऐकणारा आपल्या शब्दावर आपली झोप, आपले अन्न, कधी आपला पैसाही लावीत असतो. ज्याच्या शब्दास गावात अधिक वजन, त्याने तो अधिक जपून टाकावा. कोऱ्या कागदावर ओळखीच्याने सही मागितली म्हणून कोणी सही करीत नाही. तसे आपल्या भरवशाचेही आहे.

यावर एक आक्षेप खरा आहे. ‘भ्यालेल्या माणसास नुसते “ठाऊक नाही” म्हणून सोडून देणे निष्ठुरपणाचे नव्हे काय?’ होय, तेवढ्यावरच थांबल्यास ते निष्ठुर आहे. परंतु त्या रात्री आम्हांस पुष्कळ काही खरे सांगता आले असते. ‘आजी, हे काय आहे ते आम्हांस ठाऊक नाही. पण आवाज नाही. दिवे आपल्याकडे पडत नाहीत, सरळ पुढे चालले आहेत. सीमा त्या बाजूस नाही. उद्या आम्ही विचारून सांगतो.’ यातील एकही शब्द खोटा नसता, आणि धीर देण्यास एवढे पुरेसे होते. शिवाय आपल्या अंदाजास आम्ही मुळीच बंदी घालीत नाही. अंदाज करावा; मात्र पाहिलेले एका वाक्यात व वाटलेले दुसऱ्या वाक्यात सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्यास त्यांतील कोणते कितपत घ्यावे हे ठरविता येते.

उपदेशक व शिक्षक बंधूंस आमची एक सूचना आहे. आपल्या मुलांस रात्री अंगणात घेऊन बसावे व हा अभ्यास करवावा. दिवा दिसला की प्रथम घड्याळ पाहावे. कोठे उगवला व कोठे मावळला त्या दिशा ध्यानात ठेवाव्या. हात लांब करून मूठ धरली असता ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. त्या मुठींनी क्षितिजापासून उंची मोजावी. रंग, लुकलुक, आवाज, किती वेळ दिसला, हे वहीत लिहावे. प्रत्येकाने एकमेकांशी बोलण्यापूर्वी वेगळे लिहावे, व मग पडताळावे. शेवटी, निराळ्या ओळीवर, ‘मला वाटते की’ असे लिहून काय वाटते ते लिहावे. ही सवय आकाशाकडे पाहता पाहता लागली, तर बांधावरील भांडणात, पंचांपुढे, शेजारणीच्या अब्रूविषयीच्या कुजबुजीतही ती उपयोगी पडेल. कारण तेथेही पाहिलेले थोडे व वाटलेले फार असते.

या वर्षीचा पाऊस सरल्यावर आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक त्या संध्याकाळी दिसणार, हे आम्ही आधी विचारून ठेविले होते. ते सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीची एक फेरी करते, व सन २००० च्या नोव्हेंबरपासून त्यात सतत माणसे राहत आली आहेत. सन २०२५ च्या जून-जुलैत आपल्या देशाचे शुभांशु शुक्ल हेही तेथे राहून आले. सांगितल्या वेळेस तो मोठा, शांत, पांढरा दिवा नैर्ऋत्येकडून वर आला. त्या वृद्ध बाई ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही जे ठाऊक होते ते सांगितले. त्यांनी विचारले, “आत्ता किती मानसं हायत त्यात?” आम्ही म्हणालो, “आजी, आज नेमकी किती आहेत ते आम्हांस ठाऊक नाही.”

त्या हसल्या. दिवा ईशान्येच्या सावलीत विझेपर्यंत त्या पाहत राहिल्या, व मग म्हणाल्या, “किती का असंनात. कुनाची तरी लेकरं हायत.” एवढे बोलून त्या आत गेल्या व निजल्या.